उचललेल्या गाडीखाली

“वर घेऊन किती वेळ झाला?”

उस्तादांनी फाटक लोटता लोटताच विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

उत्तर गाडीखालून आलं. “अर्धा तास. बघा की उस्ताद, कशी घेतलीय.”

उस्तादांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी हँडल धरून उभी होते.

गाडीखाली होते ते आमचे हे. धैर्यशील. नावच असं ठेवल्यावर पुढं बोलायचं कुणी? लग्नाला तेवीस दिवस झाले होते. नवऱ्याला काय म्हणायचं आणि काय नाही, याचा माझा अभ्यास अजून कच्चाच होता.

मोटारसायकल सासऱ्यांच्या वेळची. तिच्या मोठ्या स्टँडची पिन झिजून तुटली होती. स्टँड नाही, म्हणून गाडी सरळ उभी राहत नव्हती. आणि सरळ उभी राहत नाही, म्हणून स्टँड बसवता येत नव्हतं. यावर यांनी तोड काढली होती. अंगणात तीन विटा, विटांवर शेजाऱ्यांच्या मोटारीचा जॅक, जॅकवर इंजिन. मागचं चाक वीतभर हवेत. हे सगळं एका माणसानं करून दाखवलेलं यांनी मोबाइलवर दोनदा पाहिलं होतं.

बाबालाल उस्तादांचं गडहिंग्लजमध्ये चाळीस वर्षं गॅरेज. कॉलेजच्या दोन सुट्ट्या यांनी तिथं पाने पुसले होते. पाने पुसले म्हणजे विद्या आली, असं यांचं मत. उस्तादांचं मत कुणी विचारलेलं नव्हतं. लेथवर करून घेतलेली नवी पिन द्यायला ते स्वतःच चालत आले होते.

“बेटी, तू काय करतेस?”

“धरलीय.”

“सोडलीस तर?”

“...माहीत नाही.”

हे खरं नव्हतं. मला चांगलं माहीत होतं. मला सर्दी झाली होती, आणि अर्धा तास मी एक शिंक नाकातच धरून उभी होते. यांचं डोकं माझ्या पायांपासून दोन हातांवर होतं. डोक्याखाली माझ्या रुखवतातली उशी. जमीन टोचते म्हणाले, म्हणून मीच आणून दिली होती.

मधली वीट चिरलेली होती. चीर सकाळी नव्हती, की मी पाहिली नव्हती, हे आठवायचा मी प्रयत्न करत होते.

उस्ताद पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“बेटी, गाडीला एक धक्का दे.”

“नको, नको,” खालून आवाज आला. “ए, हात लावू नको हं.”

“का रे?”

“पडेल की, उस्ताद.”



अंगणात कुठंतरी पाण्याचा नळ ठिबकत होता...

“धक्का दिला तर पडेल म्हणतोस.”

“मग.”

“आणि खाली झोपलायस.”

यांचे पाय हलायचे थांबले.

“आपण होऊन धक्का कोण देतंय?” हे म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता. “काम होईपर्यंत कुणी शिवायचंच नाही.”

“पिन कशी बसवणार?”

“ठोकून.”

“ठोकून,” उस्ताद म्हणाले.

पुन्हा नळाचा थेंब.

हे बाहेर आले. एकदम नाही. आधी एक खांदा, मग दुसरा, अंग चोरून, भिंतीवरच्या पालीसारखे. गाडीचा स्पर्श होऊ नये म्हणून यांनी पोट आत घेतलेलं मला दिसलं. एवढा वेळ ‘काही होत नाही’ म्हणणारा माणूस पोट का आत घेतो, ते मी विचारलं नाही.

“बघा, आलो,” हे म्हणाले. “द्या धक्का. मीच देतो.”

“तू नको. तू जपून देशील.”

उस्तादांनी माझ्याकडे हनुवटी उचलली.

मी हँडल सोडलं. बोटं आखडली होती, ती आपली आपण सुटेनात. मी मागं गेले आणि सीटवर तळवा टेकला. गाडी गरम होती, उन्हानं. मला वाटलं, जिवंत आहे.

मी ढकललं. जोरात नाही. दार लोटावं तितपत.

वीट मोडल्याचा आवाज झाला, मग मोठा आवाज झाला.



गाडी उशीवर पडली होती. पाय ठेवायचा लोखंडी दांडा उशीत रुतला होता, अगदी मधोमध. अभ्र्यावर मी भरलेला मोर दुभंगला होता आणि आतला कापूस बाहेर आला होता. पांढराशुभ्र. मी त्या पांढऱ्याकडे बघत राहिले. त्याचा रंग वेगळा असू शकला असता, एवढंच डोक्यात येत होतं.

पेट्रोलचा वास आला. टाकीच्या झाकणाखालून धार लागली होती.

“कॉक,” उस्ताद म्हणाले.

यांचे हात लोंबकळत होते. यांना ऐकूच गेलं नसावं. मी वाकले आणि टाकीखालचा कॉक फिरवून बंद केला. मग तिघांनी मिळून गाडी सरळ केली. तेव्हा कुठं मला शिंक आली.

“सर्दी झालीय का तुला?” यांनी विचारलं.

उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, “झोपाळा काढा.”

सासूबाई आठवडी बाजाराला गेल्या होत्या, म्हणून झोपाळा निघाला. एरवी त्याच्यावरून त्यांना उठवणं गाडी उचलण्याहून अवघड.

गाडी सोप्यात, सपाट फरशीवर आली. पुढचं चाक भिंतीला भिडवलं. पुढच्या ब्रेकची मूठ आवळून, जुन्या ट्यूबची पट्टी तिच्यावर सात वेढे घालून बांधली, म्हणजे चाक फिरायला नको. परसातून तुळईचा एक तुकडा आणला, हातभर रुंद. जॅकखाली आता विटा नाहीत, फळी. जॅकनं गाडी उचलली, इंजिनखाली तुळई सरकवली, आणि उस्तादांनी जॅक पुन्हा खाली घेतला. सगळा भार लाकडावर आला.

“जॅक असू द्यात की तसाच,” हे म्हणाले. “दोन्ही आधार होतील.”

“जॅक उचलायला असतो. धरायला नाही.”

झोपाळ्याच्या छतातल्या चार कड्यांतून चार दोर आले. दोन हँडलला, दोन मागच्या कॅरिअरला. दोन्ही बाजूंनी सारखी ओढ. उस्ताद एकेक गाठ मारत होते आणि मी बघत होते. गाठ मारून झाली की ते तिच्यावर बोट ठेवून थोडा वेळ थांबत. नाडी बघावी तसे.

“द्या धक्का.”

मी दिला. या वेळी दोन्ही हातांनी, डोळे मिटून. आवाजाची वाट बघत राहिले.

आवाज आला नाही.

यांनी दिला. खांद्यानं दिला. मग उस्तादांनी गाडीला पाठ लावली, पाय भिंतीला रोवले आणि सत्तरीच्या माणसाला शोभणार नाही इतक्या जोरानं रेटलं. दोर कुरकुरले. गाडी जागची हलली नाही.

यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. सकाळचाच होता तो. मी ओळखला.

“बघितलंस?” हे मला म्हणाले, जणू मीच आडवी येत होते. खिशातून मोबाइल काढला. गाडीचा एक फोटो घेतला, दोरांचा एक घेतला. मग गोणपाट अंथरलं, पिन खिशात टाकली आणि शीळ घालत गाडीखाली गेले. छातीपर्यंत.

मी कॅरिअरचा डावा दोर धरून उभी राहिले. धरायला कुणी सांगितलं नव्हतं.

“धैर्या,” उस्ताद म्हणाले.

“बोला.”

“भीती गेली?”

“गेली की. आता हत्ती आला तरी पडत नाही ही.”

“सगळी गेली?”

“अहो, उस्ताद...” हे खालून हसले. “एवढं बांधल्यावर भ्यायचं कशाला? घरात झोपल्यासारखं वाटतंय.”

उस्ताद उंबऱ्यावर बसले. टोपी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले.

मग माझ्याकडे वळले.

“तुझी, बेटी?”

आता काय सांगायचं. नवरा म्हणतो गेली. माझी राहिली म्हटलं, तर नवऱ्याचा शब्द खाली पडतो. गेली म्हटलं, तर... मी त्या दोराकडे बघितलं.

“नाही गेली,” मी म्हणाले.

“कशाची आहे?”

“मघाशी तुम्ही रेटलंत ना... तेव्हा चारही दोर कुरकुरले. तीन गप्प झाले. हा एक नंतरही थोडा वेळ बोलत होता.”

खालची शीळ थांबली.

“काहीतरीच,” हे म्हणाले. “दोर आहे तो. बोलतोय कसला.”

उस्ताद उठले. माझ्या हातातला दोर घेतला आणि दोन बोटांनी गाठ चाचपली. गाठ सुटली नव्हती. पण त्यांनी ओढल्यावर दोर तिच्यातून बोटभर पुढं सरकला. त्यांनी तो पुन्हा आवळला, वर एक गाठ अजून मारली, बोट ठेवलं, थांबले.

“आता?” त्यांनी मला विचारलं.

मी गाडीभोवती एक फेरी मारली. दुसरा दोर ओढून बघितला. तिसरा. चौथा. खाली वाकून तुळईच्या दोन्ही कडा बघितल्या. लाकडावर तळवा ठेवला. मला वेळ लागला. कुणी घाई केली नाही, यांनीसुद्धा नाही.

“आता कमी आहे,” मी म्हणाले. “पण आहे.”

उस्तादांनी टोपी डोक्यावर घातली आणि गोणपाटाबाहेर आलेल्या यांच्या पायाला चपलेनं हलकेच डिवचलं.

“धैर्या, पिन हिच्याकडं दे आणि बाहेर ये. खाली ही जाईल.”