दोघांची बाग

मृदुला दाबके आणि त्यांचे यजमान रोज संध्याकाळी संगणकावर एक खेळ खेळत. त्यात दोघांनी मिळून बाग लावली होती. यजमान गेले, बाग राहिली. मग खेळ विकणारं ते ऑनलाइन दुकान नव्या मालकाकडे गेलं आणि पैसे मोजून घेतलेला खेळ एका सकाळी दिसेनासाच झाला.

नवे मालक सरपोतदार यांनी पुण्यात दुकानाचा रौप्यमहोत्सव थाटात मांडला. जुन्या ग्राहक म्हणून दाबकेबाईंनाही आमंत्रण होतं. त्यांनी भर सभेत उभं राहून आपला खेळ मागितला.

सरपोतदार हसले. "आजी, तो जुन्या मालकाने विकला. त्याच्या व्यवहारांशी आमचा काय संबंध? आमचं दुकान अवघं सहा महिन्यांचं!"

"अस्सं होय? मग सहा महिन्यांच्या बाळाचं उष्टावण करा की! पंचविशी कसली साजरी करताय?"

सभागृह हसून लोटपोट झालं. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांचे खेळ परत आले.

बाईंनी बाग उघडली. पडद्यावर प्रश्न उमटला, "दुसऱ्या खेळाडूची वाट पाहायची का?"

त्यांनी शेजारची खुर्ची जवळ ओढली आणि 'हो' दाबलं.