पेव कुणी उघडायचं?

हळदीच्या व्यापारात केस पांढरे झालेल्या सांगलीच्या सुंद्राक्का आरवाडे हायब्रीड गाडी घ्यायला शोरूममध्ये गेल्या. पुढच्या महिन्यात अशा गाड्यांवरचा कर माफ होणार, अशी गावात कुणकुण होती.

मॅनेजर निमकर टाय सावरत हसले. "आक्का, हळद वेगळी आणि गाडी वेगळी. करमाफीच्या अफवा सोडा. उलट उद्यापासून किंमत साठ हजारांनी चढतेय. बाहेरच्या वीसही गाड्या मला आजच संपवायच्यात. करा सही!"

आक्कांनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब, आम्ही हळद जमिनीतल्या पेवात साठवतो. भाव चढणार असं कळलं की पेवाचं तोंड बंद ठेवतो, आणि उतरणार असं कळलं की घाईघाईनं उपसतो. तुमचा माल उद्या महागणार, मग पेव आजच का उपसताय?"

आक्का सही न करताच घरी परतल्या.

एक तारखेला करमाफी जाहीर झाली. आक्का ताठ मानेनं गाडी न्यायला आल्या, तेव्हा निमकरांनी स्वतः दार उघडलं आणि हळूच विचारलं, "आक्का, यंदा हळदीचा भाव काय म्हणतो?"

"माझं पेव बंद आहे," आक्का म्हणाल्या, "आता तुम्हीच ओळखा."