देवळाच्या दारातली हाक

“पण तुम्ही ‘ओ’ का दिलीत?” विश्वंभरनं पुन्हा विचारलं.

निरंजनबुवा देवळाच्या पायरीवर बसून पायातला काटा काढत होते.

“पोरांनी हाक मारली रे.”

“ही हाक झाली? ‘ए भणंगा, ए उडाणटप्पू’ करत कार्टी वेशीपासून मागं लागली. आणि तुम्ही आपले दर वेळी वळून हसताय...”

बुवा काट्याशीच.

पेठेतल्या कापडाच्या दुकानात विश्वंभरला सगळे शेठ म्हणायचे. ते दुकान भावाच्या हवाली करून तो बुवांच्या मागं निघाला होता. त्यांच्या हातून भिक्षेची झोळी मिळाल्याशिवाय घराकडं तोंड फिरवायचं नाही, हे त्यानं पक्कं ठरवलं होतं.

“बुवा, झोळी कधी देणार?”

“तुला अजून ऐकू येत नाही.”

“मला?...”

दिवस मावळला. थंडी बोचू लागली. भैरोबाचं देऊळ एवढंसं. दोघं पाय पसरून टेकले की भरलं. तेवढ्यात दारात एक माणूस आला. खांद्यावर गाठोडं, अंगावर गोणपाट.

“जरा सरकता का, बाबा?”

“ए उंडग्या, चल पुढं! जागा नाही इथं,” विश्वंभर खेकसला.

माणूस मुकाट्यानं वळला.

“ओ,” बुवा म्हणाले.

त्यांनी घोंगडी गुंडाळली, झोळी गळ्यात अडकवली आणि बाहेर पारावर जाऊन बसले.

“अहो बुवा, तुम्हाला नव्हतं म्हटलं!”

बुवांनी घोंगडी अंगावर ओढली.

विश्वंभर दारात तसाच उभा राहिला. मागं देऊळ रिकामं. मग तो अनवाणीच धावत सुटला. ओढ्यापाशी त्यानं त्या माणसाला गाठलं.

“अहो पाहुणे, थांबा!”

तो माणूस गर्रकन वळला. हातात दगड.

“आलास व्हय पुन्हा? भिकारड्या, देऊळ काय तुझ्या बापाचं हाय?”

विश्वंभरच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्यानं दात घट्ट आवळले.

“... ओ,” तो म्हणाला.

माणसाच्या हातातला दगड खाली पडला.

“चला. गारठाल इथं.” विश्वंभरनं त्याचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं.

त्याला आत बसवून तो पाराशी आला. “बुवा, तुम्हीही या.”

गुडघे पोटाशी घेतले की तिघं मावत होते.

पाहुणा घोरू लागला. बुवांनी आपल्या गळ्यातली झोळी काढली आणि विश्वंभरच्या गळ्यात घातली.

“उद्या तू पुढं चाल. पोरं वाट बघत असतील.”