मथुराची न सुटणारी सवय

बालाघाटच्या डोंगरातल्या एका निवासी शाळेत प्रभुणेसर वर्तनशास्त्राचे तज्ज्ञ म्हणून आले आणि मुलांना शिस्त लागली. त्यांनी टाळी वाजवली की वर्ग गप्प व्हायचा आणि गप्प बसणाऱ्याला बक्षीस म्हणून कागदी चांदणी मिळायची. नको त्या वागण्याकडे मात्र कुणी बघायचंही नाही. "काही मिळेनासं झालं की सवय आपोआप सुटते. प्रयोगातल्या कबुतराची सुटते, तशी माणसाचीही सुटते," असं सर ठासून सांगत.

एकच सवय सुटेना. चौथीतली मथुरा राठोड रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राही. तिची आई, तिच्या बोलीत याडी, ऊसतोडीला कर्नाटकात गेली होती. चांदण्यांचं आमिष दाखवून झालं, दुर्लक्ष करूनही झालं. शेवटी सरांनी तिला सगळ्या शिक्षकांसमोर बोलावलं.

"फाटकाशी जाऊन तुला काय मिळतं गं? आई आली का कधी?"

"नाही, सर."

"मग ही सवय सोडायला नको?"

मथुरा जरा विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "सर, माझ्या याडीलाही तिकडे मी दिसत नाही. मग माझी आठवण काढायची तिची सवय सुटली असेल का?"

सरांना 'हो' म्हणवेना. 'नाही' म्हणावं, तर त्यांचं शास्त्र खोटं पडत होतं. ते म्हणाले, "नाही गं पोरी. आईची नाही सुटत."

"मग माझी कशी सुटेल, सर?"

त्याच संध्याकाळी सरांनी फाटकाशी एक बाक ठेवायला सांगितला. त्यानंतर मथुरा बसून वाट बघू लागली.