पाटीवरची शेळी

जनावरं आपला बाजार आपणच भरवायची, तेव्हाची ही गोष्ट. दाढीवाला बोकड बोरं विकायला बसला होता. बोरं गोड होती, चांदी शेळीनं काट्यांत तोंड घालून तोडलेली. पण बोकडानं चांदीच्याच गळ्यात माळ घातली, तिला पालथ्या पाटीवर उभं केलं आणि म्हणाला, "कंबर हलव. गर्दी जमेल."

गर्दी जमली. बोरं कुणी चाखेना, सगळे चांदीकडेच बघत राहिले. लांडगा तर अगदी जवळ आला आणि तिला हुंगत म्हणाला, "बोरं राहू दे. ही कितीला?"

चांदीनं अंग चोरलं. बोकड पुटपुटला, "गिऱ्हाईक आहे गं, जरा हसून घे!"

तशी तिनं खाली उडी मारली. लांडग्यावर शिंगं रोखली, तो मागं सरला. मग ती बोकडाकडे वळली. "आता तू चढ. माळ घाल, कंबर हलव."

"मी? चारचौघांत? मला काय लाज नाही?"

गाय, म्हैस, कोंबडी, साऱ्याजणी त्याच्याकडे टक लावून बघू लागल्या. बोकडानं मान खाली घातली. मग घसा खाकरून ओरडला, "बोरं घ्या, गोड बोरं! चांदीनं तोडलेली!"