बकुळपरी आणि मेतकुटाची बरणी

घरांची दारं दिवसभर उघडी असत आणि कडी लावायची ती फक्त मांजर आत शिरू नये म्हणून, त्या दिवसांतली ही गोष्ट. तेव्हा डोळे मिटून गावातून फिरलं तरी कुणाचं घर आलं ते वासावरून कळे. गावाच्या टोकाला भाजलेल्या डाळींचा खमंग वास आला की समजावं, जानकीचं घर आलं. आता तसे वास कुठे येतात? मला तर आजही कुठे डाळ भाजली जात असली की पाय आपोआप थबकतात.

जानकीचं घर चिमुकलं होतं. बाजूला बकुळीची हिरवीगार राई, पुढे शेणानं सारवलेली इवलीशी ओसरी. त्या घरात जानकी आणि तिची आठ वर्षांची अंबू, दोघीच राहत. जानकी घरीच मेतकूट करी आणि ओसरीवर बसून विके. पाटी नाही, फळी नाही. लोक वाटी घेऊन येत, मेतकूट नेत आणि बदल्यात तांदूळ, गूळ, कधी लोणकढं तूप देत.

जानकीची रीत मोठी गोड होती. सकाळी ती मापाची वाटी धुऊन देवापुढे ठेवी, हात जोडी आणि म्हणे, "आज जो दारात येईल, तो तूच पाठवलास असं समजेन." मग गिऱ्हाईक आलं की आधी गूळपाणी, मग माप. मापही कसं, तर वर शीग चढवून, उठून उभं राहून, दोन्ही हातांनी द्यायचं. कुणी ताटकळलेलं तिला खपत नसे.

पण त्या वर्षी जानकीला ताप आला. दहा दिवस झाले तरी उतरेना. वैद्यबुवा म्हणाले, "अंगात ताप आहे तोवर जात्याला हात लावायचा नाही." घरात मेतकुटाची एकच बरणी उरली होती, तीही अर्धी. अंबू आईच्या जागी ओसरीवर बसू लागली. बरणी रिकामी झाली की तांदूळ यायचे थांबणार, आणि मग आईला पेज कशाची करायची? बिचारी दर थोड्या वेळानं झाकण उघडून बघे, जणू बघितल्यानं भर पडणार होती.

एका सकाळी ती देवासाठी बकुळीची फुलं वेचायला राईत गेली. कोवळं, सोनेरी ऊन पानांतून गळत होतं. एका मुळावर कुणीतरी दमून बसलं होतं. वीतभर उंची, मोतिया रंगाचा झगा, कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ पंख, आणि त्या पंखांवर निळ्या, गुलाबी, चंदेरी टिकल्या लुकलुक करत होत्या. ती होती बकुळपरी.

तुम्ही असतात तर किंचाळला असतात. मी तर पळालेच असते. पण अंबूला आल्यागेल्याची विचारपूस करायची सवय पडलेली. ती म्हणाली, "दमलात का? बसा हं, पाणी आणते. आणखी काय देऊ?"

तिनं करवंटीतून पाणी आणलं आणि बकुळीच्या पानावर चिमूटभर मेतकूट. परीनं ते जिभेवर ठेवलं मात्र, हिंगाच्या वासानं तिला फटाफट तीन शिंका आल्या. प्रत्येक शिंकेला रुपेरी चुरा उडाला.

"छान आहे गं," डोळे पुसत परी म्हणाली. "तीनशे वर्षं झाली मी या राईत आहे. माणसं मला पाहतात आणि मागतात. काय देऊ, असं कुणी विचारलं नव्हतं. अंबू, तुझं एक मागणं मी खरं करीन."

"माझ्या आईचा…"

"थांब थांब," परीनं इवलंसं बोट ओठांवर ठेवलं. "आत्ता नाही. संध्याकाळी सूर्य उंच बकुळीच्या शेंड्याला टेकला की गप्प राहायचं. पुरता बुडाला की मागायचं. पण मध्ये तुझ्या तोंडून काही निघालं, तर तेच तुझं मागणं ठरेल. मग ते फिरवता येत नाही. आणि हे बघ, मी शब्दाची पक्की आहे, पण तुमची भाषा मला अजून कच्चीच येते. तेव्हा नीट बोल."

त्या दिवशी अंबूच्या पायाला पंख फुटले होते. आज आईचा ताप जाणार! नेमकी त्याच दिवशी गिऱ्हाइकं एकामागून एक आली. तिनं प्रत्येकाला गूळपाणी दिलं, शीग चढवून माप दिलं. दुपारी सगुणामावशी आली. तिच्या लेकीला बाळ झालं होतं. तेव्हा बरणीत शेवटची वाटी उरली होती. अंबू क्षणभर घुटमळली. ही आईसाठी ठेवावी का? पण मावशी दारात उभी होती. अंबूनं बरणी खरवडून तिला सगळं दिलं. आता तिच्याजवळ होतं ते फक्त संध्याकाळचं मागणं.

सूर्य बकुळीच्या शेंड्याला टेकला. आभाळ केशरी झालं. अंबू ओठ घट्ट मिटून ओसरीवर बसली. सूर्य अर्धा बुडाला असेल नसेल, तोच काठी टेकत टेकत एक म्हातारबाबा आले. डोंगरापलीकडच्या वाडीतले दौलतबा. संध्याकाळ झाली की त्यांना धड दिसत नसे.

"मेतकूट हाये का गं, पोरी? आमची म्हातारी चार दिस जेवली न्हाई. मेतकूटभात खाईन म्हनती."

अंबूनं मान हलवली. दौलतबांना दिसली नाही.

"हाये का कुनी? का मूग गिळून बसलीस?"

अंबूनं दोन्ही हात तोंडावर दाबले. थोडंच राहिलं होतं, नखाएवढा सूर्य. दौलतबा वाट पाहत राहिले. मग पुटपुटले, "देवा, एवढं चालत आलो, साधी हाक बी न्हाई," आणि वळले. त्यांची पाठ वाकलेली होती आणि पायांत वहाण नव्हती.

अंबूच्या डोळ्यांत पाणी आलं. आत आई तापानं फणफणली होती. पण देवानं पाठवलेला माणूस एका शब्दावाचून परत चालला होता, आणि ते तिला सोसेना.

"वाढलं हो, आजोबा," ती म्हणाली.

आता तुम्ही विचाराल, वाढलं म्हणजे काय? तर बाळांनो, तेव्हाच्या घरांत संपलं हा शब्द उच्चारत नसत. तांदूळ संपले तर म्हणायचं तांदूळ वाढले, मीठ संपलं तर मीठ वाढलं. अंबूला एवढंच सांगायचं होतं की मेतकूट संपलं.

पण तिच्या मागे बरणी गुरगुरली. झाकण टुणकन उडालं. पिवळंपिवळं मेतकूट वर आलं, काठावर आलं, ओसरीवर सांडू लागलं. अंबूला आनंद झाला नाही. वाढलं म्हटलं आपण, मग आईचा तापही वाढला असेल तर? ती धावत आत गेली.

आईच्या उशाशी परी बसली होती, जरा गोंधळलेली.

"कसली गं तुमची भाषा," ती म्हणाली. "मी म्हाताऱ्या बकुळीला अर्थ विचारून आले. जास्त झालं तरी वाढलं. पानात घातलं तरी वाढलं. आणि संपलं तरीही वाढलंच. त्यातलं तुला कुठलं हवं, ते मला कसं कळावं? काय वाढलं, तेही तू सांगितलं नाहीस. म्हणून मी तिन्ही अर्थ खरे करून टाकले. बरणीत मेतकूट वाढलं. पानात भात वाढला."

खरंच, बाजूला केळीच्या पानावर वाफाळता मऊ भात होता आणि त्यावर तूप विरघळत होतं.

"आणि ताप?" अंबूनं भीत भीत विचारलं.

"तोही वाढला," परी हसली. "तुमच्या घरातल्या अर्थानं, बरं का. संपला."

मग तिचे पंख उजळले. निळा, गुलाबी, चंदेरी, सगळे रंग एकात एक मिसळले, भिंतींवर बकुळीच्या फुलांएवढे कवडसे नाचले, आणि त्या झगमगाटात परी दिसेनाशी झाली.

अंबूनं बाहेर धाव घेतली, दौलतबांना हात धरून परत आणलं आणि त्यांचा डबा शिगोशीग भरून दिला. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हातारीकडे निघाले. ती आत आली तेव्हा आई उठून बसली होती. तिनं मेतकूट कालवलं आणि पहिला घास अंबूला भरवला. अंबूनं तो हात तसाच आपल्या गालाशी धरून ठेवला. हात थंडगार होता.