झिपरीच्या मागचा अंगरूप

अनोळखी वाटेवर भरवसा कुणावर ठेवावा, सांगा बरं मंडळी? ज्याला वाट तोंडपाठ आहे त्याच्यावर, की ज्याला मध्येच थांबायची लाज वाटत नाही त्याच्यावर? उत्तराची घाई नको. बाजारात 'डोळे मिटून घ्या' म्हणणाऱ्याचा माल डोळे उघडे ठेवूनच घ्यावा, आणि ही गोष्टही तशीच ऐकावी.

वर हिमालयात खोरंग नावाचं गाव आहे. लोकर घ्यायला गेलेल्या व्यापाऱ्याला तिथले लोक चुलीपाशी बसवतात, खारा चहा देतात आणि ही गोष्ट सांगतात. सांगण्याआधी क्षणभर मान खाली घालतात.

फार वर्षांपूर्वी, खिंडीपलीकडचं मीठ माणसाच्या पाठीवरून यायचं तेव्हा, खोरंगात अंगरूप राहत होता. बर्फावरून घसरत जायच्या लाकडी फळ्या तिकडे बऱ्याच घरी असायच्या. चढताना फळ्यांखाली बकऱ्याचं केसाळ कातडं बांधायचं, म्हणजे पाय मागे सरकत नाही. उतरताना ते सोडायचं आणि वाऱ्यासारखं निघायचं. पण हे सगळं बर्फ दाबून बसल्यावर. पहिलं बर्फ लबाड. वरून पांढरंशुभ्र, गोडगोड, आणि खाली नाल्याची पोकळी. त्या बर्फात खिंड ओलांडायची छाती एकट्या अंगरूपची.

छाती अंगरूपची, पण नाक आणि कान होते झिपरीचे. झिपरी म्हणजे त्याची काळी, दाट केसांची धनगरी कुत्री. तिचं तिकडचं नाव आपल्या जिभेवर बसत नाही, म्हणून आपण झिपरी म्हणू. ती पुढे चालायची, तिच्या पावलांवर हा फळ्या टाकायचा. बर्फाखाली पोकळ लागलं की ती खाली बसायची. मग ओढा, ढकला, भाकरी दाखवा, उठायचं नाव नाही. याने वळसा घेतला की उठून पुन्हा पुढे. सात डोंगरांखालचं पाणी तिला ऐकू यायचं, असं म्हणतात.

पहिल्यांदा तो मीठ घेऊन आला तेव्हा गाव गोळा झालं. "अरे, जमलं कसं तुला?"

खरं त्याच्या ओठांवर होतं. पण म्हाताऱ्यांनी त्याला चुलीजवळची जागा दिली होती, बाया कौतुकाने बघत होत्या, आणि तोंडातून निघून गेलं, "आजोबांचा मंत्र आहे. पावलागणिक म्हणतो."

झालं! खोटं एकदाच बोलावं लागतं, पण पोसावं लागतं जन्मभर. दरवर्षी कौतुक वाढलं, मंत्र लांब झाला. झिपरी दाराबाहेर उष्ट्या हाडांवर राहिली. दार उघडलं की ती आत त्याच्याकडे बघायची, आणि अंगरूप जागा बदलून तिच्याकडे पाठ करायचा.

एका वर्षी पहिलं बर्फ पडलं आणि त्याच सकाळी अंगरूपची बहीण देचेन अडली. मूल आडवं आलं होतं. गावची सुईण त्याच शरदात वारली होती, दुसरी होती ती खिंडीपलीकडे. सगळे अंगरूपकडे बघू लागले. त्याने फळ्या काढल्या, झिपरीला शीळ घातली.

तेवढ्यात पाल्मो म्हातारी म्हणाली, "काय रे, बर्फ तुझं ऐकतं ना? मग या केसाळ बाईला कशाला दमवतोस? का मंत्र तिलाच येतो?"

लोक हसले. तोही हसला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याचे कान तापले. त्याने दोर आणला आणि झिपरीला खांबाला बांधलं. "राहू दे तिला इथेच."

सगळं गाव छपरांवर चढून बघत होतं. पहिल्याच उतारावर अंगरूप अडखळला. नाला इथेच कुठेतरी. त्याने कान दिला, पण ऐकू आली फक्त स्वतःची छाती. मागे फिरावं का? छपरांवरचे डोळे त्याच्या पाठीत रुतत होते. तो पुढे सरकला आणि बर्फाने त्याला गिळलं.

माणसं धावली आणि बर्फाच्या कडेला थबकली. पाय टाकायचा कुठे? तेव्हा गळ्यात कुरतडलेला दोर घेऊन झिपरी आली. ती चालली, बसली, वळली, पुन्हा चालली. तिच्या मागे एका रांगेत सगळं गाव चाललं. मंत्र काय होता ते कुणाला सांगावं लागलं नाही.

झिपरी भगदाडाशी पोट टेकून पडली. आत अंगरूप कमरेइतक्या पाण्यात, घोटा मोडलेला. देचेनचा नवरा रिगझिन याने दोर सोडला. "धर, भाऊ!"

"आधी ऐक. मंत्र नाही. कधीच नव्हता."

"ते नंतर सांग, दोर धर!"

"नाही, आत्ताच ऐक. खिंडीत तुला कामाला येईल. ती बसली की थांब. ती वळली की वळ. मी नुसता मागे असायचो रे."

त्याला वर काढलं, आणि रिगझिन स्वतःच्या फळ्या बांधून झिपरीच्या मागे निघाला. झिपरी सुईणीला घेऊन उतरेपर्यंत सूर्य खिंडीवर अडून राहिला, मावळलाच नाही, असं म्हणतात. देचेनला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

अंगरूप पाय बांधून चुलीपाशी पडला होता. पाल्मो आत आली तेव्हा त्याने डोळे मिटले. आता टोमणा येणार. पाल्मोने घरातलं सर्वांत उबदार कांबळं चुलीजवळ अंथरलं आणि दाराबाहेरून झिपरीला आत बोलावलं. त्या कांबळ्याने अंगरूपला जे लागलं, ते मोडलेल्या घोट्यानेही लागलं नव्हतं.

तो पुढे लंगडतच जगला. कुणी अंगरूप म्हटलं की सांगायचा, "मागचा अंगरूप म्हणा." झिपरी म्हातारी झाली आणि एका पहिल्या बर्फात एकटीच निघून गेली. तिची पावलं खिंडीच्या माथ्यापर्यंत होती, पुढे नुसतं आभाळ. अजूनही पहिल्या बर्फात ती पावलं उमटतात, असं म्हणतात.

खोरंगात आजही पहिल्या बर्फात कुत्री पुढे सोडल्याशिवाय माणूस पाय टाकत नाही. नव्या जवाची पहिली भाकरी कुत्र्यांची. आणि चुलीपाशी कुणी आपला पराक्रम सांगू लागला की पोरंथोरं एका सुरात विचारतात, "पुढे कोण होतं?" उत्तर मिळेपर्यंत त्याच्या पेल्यात चहा पडत नाही.

तेव्हा मंडळी, एवढी एक विनंती. आपलाही हिशेब चोख ठेवा. जमेच्या बाजूला स्वतःचं नाव मांडण्याआधी, पुढे कोण होतं ते मांडा.